साखर न ओढणारी गाठ: टाळूच्या लाळग्रंथीच्या कर्करोगाचं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांचे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा ट्रक चालवत होते. २०१२ नंतर घरची बागायत आणि जमेल तेव्हा भाड्याची गाडी. मधुमेह जुना, गोळ्या चालू. त्यांची ओळख पटेल असा तपशील इथे ठेवलेला नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे माझ्यापर्यंत माणसाआधी त्याचा तुकडा पोचतो. या प्रकरणात मात्र तुकडा चार वर्षं कपाटात होता आणि माणूस नंतर भेटला.

ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे कर्करोगावर काम करणाऱ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीसमोर, प्रश्न असा आला: चार वर्षांपूर्वी टाळूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ रेडिएशन झालं. आता छातीच्या सीटीवर फुप्फुसांत पाच गाठी दिसताहेत. पेट-सीटी केला, तर अहवाल म्हणतो की चयापचयाच्या दृष्टीने सक्रिय असं कुठेच काही नाही. मग या गाठी कसल्या? खाणीतली धूळ, जुना क्षय, की तोच कर्करोग?

घरच्यांनी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. पेट स्वच्छ आला, म्हणजे सुटलो. असं वाटण्यात त्यांची काहीच चूक नाही. पेट म्हणजे सगळ्यात मोठी, सगळ्यात महाग, शेवटचा शब्द सांगणारी तपासणी, असं आपल्याकडे रुग्णालाच नव्हे, कित्येक डॉक्टरांनाही वाटतं. पण पेट-सीटीतला पेट गाठ दाखवत नाही, गाठीची ग्लुकोजची भूक दाखवतो. ज्या गाठीला ती भूक कमी, ती तिथे असूनही त्याला दिसत नाही. लाळग्रंथीच्या कर्करोगांत हा भेद जितका महत्त्वाचा ठरतो तितका फार थोड्या ठिकाणी ठरत असेल.

आधी मूळ आजाराबद्दल. टाळूच्या उजव्या बाजूला, मागच्या दाढेच्या आतल्या अंगाला एक टणक फुगवटा आला होता. दुखत नव्हता. दाताचंच काहीतरी असेल म्हणून बरेच महिने गेले. नंतर त्या बाजूच्या गालाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा बायोप्सी झाली. निदान: अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. तोंडाचा कर्करोग म्हटल्यावर वाड्यावर लगेच बोललं गेलं, तंबाखू खात असणार. त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, आणि हे सांगून सांगून ते थकले होते. तंबाखूमुळे तोंडात होतो तो बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा, स्क्वेमस पेशींचा कर्करोग. हा वेगळा. टाळू, ओठ, गाल, जीभ यांच्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी पसरलेल्या असतात, त्यांतल्या एकीतून हा निघतो. त्याचा तंबाखूशी तसा पक्का संबंध दाखवता आलेला नाही. हे वाक्य मी अहवालात लिहू शकत नाही, पण वाड्यावर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं.

या कर्करोगाचा स्वभाव लक्षात घेतला नाही तर पुढचं काही कळत नाही. तो हळू वाढतो. मानेच्या गाठींत क्वचितच जातो. पण नसेच्या कडेकडेने सरकत जातो, टाळूवरून कवटीच्या तळाकडेसुद्धा, आणि रक्तावाटे फुप्फुसांत पोचतो, कधी कधी मूळ गाठ काढल्यावर कित्येक वर्षांनी. म्हणून पाच वर्षांचे आकडे दिलासा देतात आणि पंधरा वर्षांचे तो काढून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची नमुनेदार रचना चाळणीसारखी दिसते: पेशींचे गोल पुंजके आणि त्यांत पंच मारल्यासारखी नीटस भोकं. बहुतेक गाठींत सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांची तुटून अदलाबदल होते, एमवायबी आणि एनएफआयबी ही जनुकं एकत्र चिकटतात, आणि एमवायबी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागतं. चाळणीच्या जागी भोकं नसलेले भरीव पुंजके जितके जास्त, तितका आजार उग्र. ३० टक्क्यांच्या वर भरीव भाग असला की त्याला वरच्या श्रेणीत धरायची जुनी प्रथा आहे. यांच्या गाठीत तो सुमारे १० टक्के होता.

आता पेटकडे. १९२०च्या दशकात ओट्टो वारबुर्ग यांनी दाखवलं की पुष्कळशा गाठींच्या पेशी ऑक्सिजन मुबलक असतानाही ग्लुकोज पुरतं जाळत नाहीत. त्याचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. या मार्गाने एका ग्लुकोजमागे ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून ग्लुकोज पुष्कळ ओढावं लागतं. पेटमध्ये आपण नेमकं हेच पकडतो. एफडीजी म्हणजे ग्लुकोजचाच एक बदललेला रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. शिरेतून दिलं की ते पेशीच्या पापुद्र्यावरच्या वाहक प्रथिनांतून आत जातं. कर्करोगात यांतलं मुख्य ग्लट-१. आत गेल्यावर हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट लावतं. खऱ्या ग्लुकोजचा प्रवास इथून पुढे चालू राहतो, एफडीजीचा थांबतो. ते पेशीत अडकून पडतं आणि पडद्यावर ती जागा उजळते. म्हणजे उजेड पडायला दोन गोष्टी लागतात: आत घेणारं प्रथिन आणि अडकवणारं विकर. यांतलं एक जरी कमी असलं तरी गाठ अंधारात राहते.

पण पेट थंड आला म्हणून लगेच प्रथिनांवर खापर फोडायचं नसतं. साधी कारणं आधी तपासायची, आणि बोर्डावर आम्ही तेच केलं.

पहिलं कारण आकार. ८ मिलिमीटरच्या आतली गाठ पेटला भरवशाने दिसत नाही, त्यात श्वासाबरोबर फुप्फुस हलतं, त्यामुळे उजेड पसरून फिका होतो. पाचपैकी तीन गाठी खालच्या खंडांत आणि लहान होत्या. त्यांच्याबद्दल पेटचं मौन मानायचं कारण नव्हतं. पण सगळ्यात मोठी उजव्या वरच्या खंडात होती, १२ मिलिमीटरची. तिथे श्वासाची हालचाल कमी असते. तिची एसयूव्ही, म्हणजे एफडीजी किती ओढलं त्याचं माप, १.४, जवळपास आजूबाजूच्या रक्ताइतकीच. आकाराची सबब तिला लागू पडत नव्हती.

दुसरं कारण रक्तातली साखर, आणि गोव्यात हा मुद्दा हलक्यात घेऊन चालत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिआब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. रक्तात साखर जास्त असली की ती एफडीजीशी त्याच वाहकांवर स्पर्धा करते, आणि गाठ असते त्यापेक्षा थंड दिसते. इंजेक्शनच्या वेळी यांची साखर १७४ होती. २०० च्या आत असली तर बहुतेक ठिकाणी तपासणी करतात, म्हणजे नियमात बसत होती. पण १७४ म्हणजे काही आदर्श नव्हे. मग आमच्या रेडिऑलॉजिस्टनी मेंदूची प्रतिमा उघडली. मेंदू ग्लुकोजवर चालतो. साखरेच्या स्पर्धेने एफडीजी मागे पडलं असतं तर मेंदूही मंद दिसला असता. तो लख्ख होता. स्नायू शांत होते, म्हणजे नुकतंच खाल्लेलं किंवा इन्सुलिन घेतलेलंही नाही. थोडक्यात, तपासणी नीट झाली होती. गाठच ग्लुकोज घेत नव्हती.

तिसरी शक्यता, गाठी कर्करोगाच्या नाहीतच. ट्रकवर काढलेली वर्षं पाहता धुळीचा विचार करणं रास्तच होतं. पण सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या गाठी बहुधा बारीक, पुष्कळ, दोन्हीकडे सारख्या आणि वरच्या भागात दाटलेल्या असतात. इथे पाचच, वेगवेगळ्या मापांच्या, गुळगुळीत कडांच्या, आणि जास्त खालच्या खंडांत. रक्तावाटे आलेला आजार असाच दिसतो. जुन्या क्षयाच्या गाठीत बहुधा चुना साचलेला सापडतो, तो नव्हता. आणि निर्णायक गोष्ट त्यांच्या मुलीने जपून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत निघाली: चौदा महिन्यांपूर्वीचा सीटी. त्यावर ती मोठी गाठ ९ मिलिमीटरची होती. ९ वरून १२ म्हणजे ऐकायला थोडं वाटतं, पण घनफळ घनाच्या पटीने वाढतं: जवळजवळ २.४ पट. हिशेब केला तर गाठ साधारण अकरा महिन्यांत दुप्पट होत होती. जुना व्रण असा वाढत नाही, आणि उग्र कर्करोग इतका थांबत नाही. अॅडेनॉइड सिस्टिकची चाल मात्र नेमकी हीच.

आता माझं काम. कपाटातून चार वर्षांपूर्वीचे मेणाचे ब्लॉक काढले. ग्लट-१ ची आयएचसी, म्हणजे प्रतिपिंड लावून ऊतीतलं प्रथिन रंगाने दाखवणारी तपासणी, आमच्याकडे असते, पण ती या कामासाठी नव्हे. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि नसांच्या आवरणाच्या काही गाठी ओळखायला ती लागते. चार मायक्रॉनचे काप घेतले आणि तीच लावली.

ती स्लाइड मी कधी विसरणार नाही, कारण उत्तर तिच्यात एकाच चौकटीत होतं. मधोमध आडवी कापलेली एक नस. नसेच्या जुडग्याभोवती जे पातळ आवरण असतं, त्याच्या पेशींत ग्लट-१ निसर्गतःच भरपूर असतं, त्यामुळे नसेभोवती गडद तपकिरी कडं उमटलं होतं. बाजूच्या रक्तवाहिनीत लाल पेशींचा घोळका, तोही गडद, कारण लाल पेशींच्या पापुद्र्यावरही हे प्रथिन ठासून असतं. म्हणजे रंग नीट लागला होता, प्रतिपिंड काम करत होतं, चार वर्षांत ब्लॉक बिघडला नव्हता; वेगळा पुरावा शोधायला नको. आणि त्या तपकिरी कड्याच्या आत नसेला विळखा घालून बसलेल्या कर्करोगाच्या पेशी मात्र निळ्या. हिमॅटॉक्सिलिन या नेहमीच्या रंगाचा नुसता निळा, तपकिरी जवळपास शून्य.

मोजणीही केली, पापुद्र्यावरचाच रंग धरून. चाळणीच्या भागात २५ टक्के पेशी फिक्या, ५ टक्के मध्यम, बाकी कोऱ्या. शंभरातल्या टक्क्यांना रंगाच्या तीव्रतेने गुणून जो एच-स्कोअर काढतात, तो ३०० पैकी ३५ आला. मग भरीव भाग पाहिला. तिथे चित्र वेगळं: ४० टक्के फिक्या, ३५ टक्के मध्यम, १० टक्के गडद, म्हणजे १४०. आणि त्यातही गडद पेशी मेलेल्या ऊतीच्या कडेला. ते समजण्यासारखं आहे. रक्तवाहिनीपासून दूर ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ हे प्रथिन, जे एरवी काही मिनिटांत मोडीत निघतं, ते टिकून राहतं आणि ग्लट-१ सह ग्लुकोज ओढण्याची सगळी यंत्रणा चालू करतं. एकाच माणसाच्या एकाच गाठीत दोन प्रकारच्या चुली पेटलेल्या होत्या, आणि नव्वद टक्के भाग मंद चुलीचा होता.

सगळे लाळग्रंथीचे कर्करोग असे नसतात. लाळनलिकेचा कर्करोग, जो सूक्ष्मदर्शकाखाली स्तनाच्या कर्करोगाच्या जुळ्या भावंडासारखा दिसतो, किंवा उग्र म्यूकोएपिडर्मॉइड हा आणखी एक प्रकार, यांत ग्लट-१ सहसा जास्त असतं आणि पेटवर ते उजळतात. उलट कानाखालच्या ग्रंथीतली वार्थिन गाठ पूर्ण निरुपद्रवी, धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळणारी. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, खच्चून भरलेले, आणि ती पेटवर अशी पेटते की फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेट करायला आलेल्या माणसाला कानाखालीही आजार पसरला म्हणून उगाच घाबरवलं जातं. डोक्या-मानेच्या ग्रंथींच्या गाठींत ‘उजळली म्हणजे वाईट, नाही उजळली म्हणजे बरी’ हा आडाखा दोन्ही टोकांना फसतो.

ग्लट-१ कमी दिसलं म्हणजे सगळं सिद्ध झालं, असं मी बोर्डावर म्हटलं नाही. प्रथिन असणं आणि ते काम करत असणं यांत फरक आहे, हेक्सोकायनेज-२ आम्ही तपासलं नव्हतं, आणि टाळूतल्या गाठीचा रंग फुप्फुसातल्या गाठीला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं: या माणसाची मूळ गाठ ग्लुकोज कमी ओढणारी होती, तेव्हा थंड पेटवरून फुप्फुस स्वच्छ आहे असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. वरच्या खंडातल्या गाठीतून सुई घ्या.

सुई घेतली. सीटीच्या मार्गदर्शनाखाली, बरगड्यांमधून. थोडी हवा छातीत शिरली, दुसऱ्या दिवशी आपोआप जिरली. तुकड्यात तीच चाळणी, आणि या कर्करोगाचे ओळखीचे दोन थर: आतल्या पेशी सीडी-११७ या खुणेच्या प्रथिनाला पॉझिटिव्ह, बाहेरच्या पी-६३ ला, केंद्रकांत एमवायबी. निदानात शंकेला जागा नव्हती. ग्लट-१ इथेही फिकं.

त्यानंतर रुग्णाच्या पत्नी, काकी, लॅबमध्ये आल्या, स्लाइडचा डबा परत न्यायला. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, पण फुप्फुसांबद्दल नव्हे. मोबाइलवर आलेल्या एका संदेशात लिहिलं होतं की साखर हे कर्करोगाचं अन्न आहे, ते तोडलं की गाठ उपाशी मरते. तेव्हापासून घरात काकांची पेज बंद, उकड्या तांदळाचा भात बंद, केळं बंद. काका सहा किलोंनी उतरले होते.

“बाय, मी त्यांना भात देत नाही, बरोबर करते मां?” त्यांनी विचारलं.

“काकी, आजपासून द्या,” मी म्हटलं. “मधुमेहाच्या डॉक्टरांनी सांगितलाय तेवढा, पण द्या.”

मी त्यांना खुर्चीवर बसवून जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हा संदेश फक्त त्यांच्याच मोबाइलवर आलेला नाही. आपण भात सोडला तरी रक्तातलं ग्लुकोज शून्यावर येत नाही. यकृत ते तयार करत राहतं, आणि पोटातून मिळालं नाही तर स्नायू मोडून त्यातल्या अमिनो आम्लांपासून करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच. तुटतो तो माणूस. वर, गाठ फक्त ग्लुकोजवर जगत नाही. ग्लुटामाइन, मेद, लॅक्टेट, जे हाताशी येईल ते वापरणाऱ्या पेशी कर्करोगात सर्रास सापडतात. आणि यांची गाठ तर ग्लुकोजची फारशी गिऱ्हाईकच नव्हती. तिच्या पापुद्र्यावरचे दरवाजेच कमी, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. साखर ताब्यात ठेवायची ती मधुमेहासाठी, जखम भरण्यासाठी, मूत्रपिंडासाठी. गाठीला उपाशी मारण्यासाठी नव्हे. काकींनी शेवटी विचारलं, म्हणजे पेज चालेल? चालेल म्हटलं, सोबत मासळी वाढा, प्रथिन पोटात जाऊ दे.

उपचाराचा निर्णय बोर्डावर लवकर झाला. गाठी पाच, लहान, मंद. काकांना खोकला नाही, धाप नाही. अशा वेळी नेहमीच्या केमोथेरपीचा या कर्करोगावर परिणाम तोकडा, आणि लेन्व्हॅटिनिबसारख्या गोळ्यांनी काहींच्या गाठी काही काळ आवरतात, पण रक्तदाब, थकवा, वजन उतरणं हे दुष्परिणाम आजपासून सोसावे लागतात. मुलीला हे पटायला वेळ लागला. कर्करोग फुप्फुसांत आहे आणि औषध देत नाही, हे कुठल्याही लेकीला पटणं अवघडच. अकरा महिन्यांचा तो दुप्पटीचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तिचा चेहरा जरा सैलावला. लक्ष ठेवायचं, गाठींनी वेग घेतला किंवा त्रास सुरू झाला की उपचार सुरू करायचे.

पण लक्ष कशाने ठेवायचं? या प्रकरणातून आमच्याकडची पद्धत इथे बदलली. काकांच्या फाइलवर आता ठळक लिहिलं आहे: पाठपुरावा एफडीजी पेटने नको, छातीचा साधा सीटी आणि टाळू व कवटीच्या तळाचा एमआरआय, दर सहा महिन्यांनी, मागच्या चित्राशी माप ताडून. एमआरआय नसेच्या कडेने आजार सरकतोय का ते पाहायला. पुढे कधी सबंध शरीर पाहायची गरज पडली तर पीएसएमए पेटचा विचार करता येईल, असंही नोंदवलं आहे. पीएसएमए हेही पेशीवरचं एक चयापचयाचंच प्रथिन, फोलेटच्या साखळीतून ग्लुटामेट तोडणारं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ते प्रसिद्ध झालं, पण लाळग्रंथीच्या पेशी त्याचा मागोवा घेणारं औषध निसर्गतःच ओढतात, आणि अॅडेनॉइड सिस्टिकच्या बऱ्याच गाठीही ओढतात. ज्या गाठीने ग्लुकोजचा दरवाजा बंद ठेवला, ती या दुसऱ्या दरवाजाने दिसू शकते. फक्त, निरोगी लाळग्रंथीही त्यात लख्ख उजळतात, त्यामुळे चेहऱ्याच्या भागात ते वाचणं कठीण. फुप्फुस आणि हाडं यांसाठी ते कामाचं.

एक विनंती मात्र मी सर्जन मंडळींना उघडपणे केली आहे. प्रत्येक लाळग्रंथीच्या गाठीवर ग्लट-१, एमसीटी-४, कार्बॉनिक अॅनहायड्रेज-९ अशी चयापचयाच्या प्रथिनांची माळ लावून मागू नका. त्यांवरून आज कुठलं औषध ठरत नाही, आणि खर्च रुग्णाच्या माथी येतो. पण पेट मागवण्याआधी बायोप्सीच्या अहवालावरचं निदान वाचा. आणि अॅडेनॉइड सिस्टिक असूनही पेट झालाच, तर त्याचा अहवाल हातात घेऊन आमच्याकडे या. ब्लॉक आमच्याकडे असतात. एक स्लाइड लावायला दोन दिवस पुरतात.

काकांचा पुढचा सीटी चवथीनंतर आहे. वजन तीन किलोंनी परत वर आलं आहे.